दुसरं नाक

एका नाकानं प्रत ठरवायची न्हाय, हा निपाणीत आमच्या तंबाखूच्या वखारीतला नियम होता, गड्यांनो. पान आपण हुंगायचं आणि शेजारच्याला द्यायचं. माझ्या डावीकडं तुमची वहिनी बसायची. आमचं लग्न तिथंच जमलं.

परवा कॅनडातल्या पोरानं मित्राकडनं टकीला पाठवली, लाकडी पिंपात दहा वर्षं मुरलेली. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आप्पा, चाखून सांगा, कशी हाय?"

हुंगली, घोट घेतला. "जळक्या गुळाचा वास हाय रं, मागनं ओल्या तंबाखूचा," असं म्हणालो आणि सवयीनं ग्लास डावीकडं धरला.

"आप्पा, कुणाला देताय?"

तुमची वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, तरी हात ऐकत न्हाय.

म्हटलं, "कुणाला न्हाय रं. प्रत अजून ठरायची हाय."