बाईंचे उतारे आणि घुमणारी पद्मा

सभेचे अध्यक्ष लालासाहेब, खुर्च्यांवर बसलेले पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या शाळेच्या प्रमोदिनीबाई आणि खाली सतरंजीवर दाटीनं बसलेल्या समस्त बायाबापड्यांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. माझी शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा दोनच शब्द सांगते. एक घुमणं, दुसरा उतारा.

बाईंची बदली कराडला झाली. त्या छान शिकवतात हे सगळ्यांनी सांगून झालं. त्यांचा दोष कुणी सांगितला नाही, तो मी सांगते. बाई वाईच्या, शुद्ध बोलतात.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माझ्या नातीला, पद्माला, बघायला कवठे महांकाळचे पाहुणे आले. मुलगा पलटणीत, जमीन बागायती. असं स्थळ काय रोज येतं? मुलीची तारीफ शिकल्या माणसानं करावी म्हणून मीच बाईंना बोलावलं. तेव्हा शाळा देवीच्या देवळातच भरायची. बाई म्हणाल्या, "पद्मा वाचायला लागली की देवीच्या देवळात काय घुमतं म्हणून सांगू!"

आता पारवा घुमतो, विहिरीत हाक घुमते, त्याला कुणाची हरकत नाही. पण आमच्याकडं बाईमाणूस देवीपुढं घुमतं म्हणजे अंगात वारं येतं. मुलाची आई भामाबाई, तिचा पोह्यांचा घास हातातच राहिला.

"कवापासनं ओ?"

"तिसरीपासून."

"आन् उतारा?"

ती विचारत होती लिंबू-नारळ ओवाळून टाकल्याचं. बाईंना वाटलं पुस्तकातला. "रोज एक उतारा देते मी. पण हिचं एकानं कुठं भागतं?"

पाहुणे उठलेच. मी म्हटलं, "बाई, पोरीचं कल्याण केलंत तुमी."

"आभार कसले त्यात?" बाई म्हणाल्या.

अर्थ कळला तशा मात्र बाई अनवाणी धावल्या. मोटारीच्या अड्ड्यावरून पाहुण्यांना परत आणलं, देवळात उभं केलं आणि भामाबाईला म्हणाल्या, "मालकांना हाक मारा." बायकोनं नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? ती "आवं" म्हणाली. देऊळ चारदा "आवं" म्हणालं.

"घुमतं ते हे," बाई म्हणाल्या. "यात वारं नाही."

तिचा नवरा तात्याबा म्हणाला, "मंग आमची मंडळी तीस वर्सं घुमतीया."

लग्न ठरलं.

परवा भामाबाई भेटली. सांगत होती, मुलाचं पत्र आलं की पद्मा मोठ्यानं वाचते, अर्धी आळी दारात येते. गेल्या महिन्यातलं मात्र मनातच वाचलं. सासू घाबरली. "काय गं, बरं हाय न्हवं?" तर पोरीनं कागद पदराआड केला आणि "रजा मिळाली" एवढंच म्हणाली. कुठलं मोठ्यानं वाचायचं आणि कुठलं मनात, हेही बाईंनीच शिकवलं असणार. आमच्या घराण्यात मनात ठेवायची रीत नाही.

बाई, तुमचे उपकार मानते. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली होती. जास्त झाली असली तर मला घड्याळ वाचता येत नाही. वाकडं काही बोलले असेन ते पोटात घाला. बसते.