शेंदराचे एक्क्याण्णव थर

(पेणजवळचा खालचा पाडा. काळुरामची ओटी. मध्ये बिस्किटांचा पत्र्याचा डबा.)

काळुराम : आपल्या देवाच्या दगडाचं वय सहा कोटी साठ लाख वर्षं म्हनतेस. बरं. सात कर.

पूजा : काय सात कर?

काळुराम : सात कोटी गो. उद्या सभेत वाचायला बी बरं वाटंल.

पूजा : काळूकाका, हा बोंबलांचा वाटा नाही घासाघीस करायला. दगडाचं वय आहे.

काळुराम : चाळीस लाख वर्षांनी कोनाचं काय बिघडतंय? तुजे सर मोजायला येनार हायेत? तू आपल्या पाड्याची पोर. जितेशची लेक. एवडं भूगर्भशास्त्र का काय ते शिकलीस, गावाला काय उपेग?

पूजा : उपयोग म्हणजे खोटं वय लावायचं?

काळुराम : खोटं नाय. जरा ढिलं. बरं, वरच्या पाड्याच्या देवाचं किती निगालं?

पूजा : सहा कोटी साठ लाख.

काळुराम : तेवडंच?

पूजा : तेवढंच.

काळुराम : मग तुमचं मशीन बिगडलंय. सगल्यांना एकच नंबर देतंय.

पूजा : मशीन धडधाकट आहे. दोन्ही देव एकाच डोंगराचे आहेत, वरच्या पाड्यामागच्या. आत तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे आहेत बघा, दोन्हीत अगदी सारखे. आपल्या खारीत चिखलाशिवाय आहे काय? आपला देव कोणीतरी तिकडूनच उचलून आणलाय.

काळुराम : हलू बोल गो! भिंतीला कान हायेत. आनलाय म्हनं. देव आपल्या पायानं आला.

पूजा : चिखलातून?

काळुराम : भरतीला आला. आन तू देवाला छिन्नी लावलीस काय?

पूजा : छे! कोण लावेल? लावली असती तरी चाललं नसतं. ऊन-पावसानं कुजलेला दगड वय नीट सांगत नाही. मी डोंगर फोडून आतला ताजा दगड काढला. त्याच जातीचा आणखी एक रोह्याच्या रस्त्याला नवी कटाई केलीय तिथला. ते तपासायला दिले.

काळुराम : म्हंजे देवाचं वय काडलंच नाय. शेजाऱ्याचं काडलंस.

पूजा : भावाचं काढलं म्हणा. एकाच वेळी थंड झालेले.

काळुराम : पन दगडाला जन्माची तारीख असते कुटं? त्याचा काय दाखला हाय?

पूजा : तुम्ही चाळीस वर्षं मिठागरात होतात ना? वाफ्यात पाणी कधी सोडलं ते न विचारता ओळखता येतं का?

काळुराम : न ओलकायला काय झालं? मीठ किती धरलंय ते बगायचं. पापुद्रा आला तर चार दिस. दाना पडला तर आट-दहा दिस.

पूजा : आणि मध्येच बांधाला भगदाड पडलं तर?

काळुराम : मग कसला हिशेब? पहिल्यापास्नं.

पूजा : दगडाचंही तेच. त्यात पोटॅशियम असतं. त्यातलं थोडं अगदी सावकाश बदलत जातं आणि त्याचा वायू होतो. लाव्हा पातळ असतो तोवर वायू उडून जातो. दगड घट्ट झाला की तो आत कोंडला जातो. मग मोजायचं, वायू किती साठला. तुमचं मीठ, आमचा वायू.

काळुराम : आन बदलायला किती वेल लागतो ते कोनी सांगितलं?

पूजा : प्रयोगशाळेत मोजलंय. निम्मं बदलायला सव्वाशे कोटी वर्षं.

काळुराम : सव्वाशे कोटी! येवडा वेल तर तलाठी बी लावत नाय. चूक किती येते तुमची?

पूजा : दोन-तीन लाख वर्षं इकडे तिकडे.

काळुराम : तीन लाखाची चूक? माज्या हातनं टोपलीत मूठभर मीठ कमी पडलं तर मुकादम आई-बापाचा उद्दार करायचा! बरं, धरतीचं वय किती?

पूजा : चारशे चोपन्न कोटी.

काळुराम : ते कुटल्या डोंगराचं मोजलं?

पूजा : कुठल्याच नाही. धरतीचे अगदी पहिले दगड वितळून गेले, एकही उरला नाही. आकाशातून पडलेल्या दगडांवरनं काढलं. ते तिच्याच बरोबरीचे.

काळुराम : म्हंजे तितं बी शेजाऱ्याचंच! काय शास्तर हाय तुमचं, घरचं सोडून सगल्यांची चौकशी. ऱ्हाऊ दे. दगड बरोबरीत. आता डबा उगड. औंदाच्या पावसात दोनी देवांची शेंदराची खोल गलून पडली, त्यातला आपला तुकडा मी तुला काय उगाच दिला नाय. दर साली चैतात पालखीच्या आदी शेंदराचा एक हात. साल एक, थर एक. ज्याचे थर जास्ती त्याची पूजा जुनी. त्याचा देव मोटा, आन पालखी त्याच्या दारातनं. दोन्ही पाड्यांनी कबूल केलंय. किती निगाले?

पूजा : तुमचे एक्क्याण्णव.

काळुराम : आन वरच्यांचे?

पूजा : नव्वद.

काळुराम : एकानं! एकानं मोटा! वाच उद्या! मोट्यानं वाच! आन वरच्यांची शांती पुडं बसली असंल ना, तिच्याकडं बगून वाच.

पूजा : थांबा. तुकडा कापून भिंगाखाली धरला. दर पावसाळ्यात शेंदरावर शेवाळ आणि धूळ बसते, त्याची काळी रेघ दिसते. आतले एकोणसत्तर थर एकेक. रेघ, थर, रेघ, थर. मग पुढचे बावीस जोडीजोडीनं आहेत. रेघ, दोन थर. रेघ, दोन थर. असं अकरा वेळा.

काळुराम : त्या सालांना पाऊस कमी असंल.

पूजा : काळूकाका.

काळुराम : शेंदूर उरायचा गो. वाया कशाला घालवू?

पूजा : लागोपाठ अकरा वर्षं उरला?

काळुराम : ... देव जरा लट्ट दिसावा म्हनून. येका सालात दोन हात मारले तर काय पाप हाय? देवाला का कपडे जास्ती होतात?

पूजा : अकरा वर्षं म्हणजे भांडण झालं तेव्हापासून.

काळुराम : तू वरचं सांग. वरचं.

पूजा : तिकडेही जोड्या आहेत. नऊ.

काळुराम : तितला शेंदूर कोन लावतं ठाव हाय ना तुला? आमची शांती! माजी सख्खी बहीन! नवऱ्याला गुडग्यात वाकता येत नाय म्हनून तीच लावते. चोर! देवाच्या अंगावर चोरी!

पूजा : तुम्ही करता ती काय?

काळुराम : मी पयला. तिला दोन सालं उशिरा सुचलं! ल्हानपनी बी असंच. मी आंबा पाडायचा आन हिनं दोन दिसांनी त्याच झाडाखाली जायचं. नऊ जोड्या! हा हा! थांब, मला धाप लागली.

पूजा : पाणी आणू?

काळुराम : नको. मग खरे किती?

पूजा : जोड्या सोडवल्या तर तुमची ऐंशी वर्षं, त्यांची एक्क्याऐंशी. पण त्यावरनं काही ठरत नाही. खोळ याआधीही कधी गळली असेल, एखाद्या साली कोणी शेंदूर लावलाही नसेल. मी तसंच लिहिलंय. दगड बरोबरीत, थरांवरनं निकाल नाही.

काळुराम : निकाल नाय?

पूजा : नाही.

काळुराम : मग मी मेलो.

पूजा : असं काय बोलता?

काळुराम : तू तवा ल्हान होतीस. भर पालखीत, हातात नारल घेऊन मी बोललो, मान कोनाचा ते ठरत नाय तोवर शांतीच्या घरात पाय ठेवनार नाय. ती बी कमी नाय. ठरल्याबिगर आलास तर पानी देनार नाय, म्हनाली. दोन किलोमीटरवर घर. अकरा वर्षं. तिच्या पोराच्या लग्नाचा बँड मी ह्या ओटीवरनं ऐकला. गेल्या साली तिचं गुडग्याचं ऑपरेशन झालं. पेनला हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो, तितनंच परत आलो. मला अडुसष्ट झाली गो. दोन-तीन लाख वर्षं इकडंतिकडं करायला माज्याकडं नाय.

पूजा : मग सरळ जा ना.

काळुराम : नारलावर बोललोय. कायतरी ठरलं पायजे. असं कर. वरचा मोटा म्हनून लिही.

पूजा : मघाशी सात कोटी करायला सांगत होतात.

काळुराम : मगाशी जिंकायचं होतं.

पूजा : आणि आता?

काळुराम : आता जायचं हाय.

पूजा : खोटं मी लिहिणार नाही, काका. जिंकायलाही नाही आणि हरायलाही नाही.

काळुराम : मोटी हरिश्चंद्राची लेक. जितेशला सांगतो तुला घरी बसवायला. फोन लाव तिला. लाव! तुज्याकडं नंबर हाय, मला ठाव हाय. मोट्या आवाजावर ठेव.

शांती : हां पूजा, बोल गो.

काळुराम : मी हाय.

शांती : मी कोन?

काळुराम : दादूस.

शांती : ... कोन गेलं?

काळुराम : कोन नाय गेलं. हरलो मी. तुमची एक्क्याऐंशी, आमची ऐंशी. तुमचा देव मोटा. उद्या सभेत मीच सांगतो. पालखी तुमच्या दारातनं.

शांती : कशाला खोटं बोलतोस? पूजा काल हितंच बसली होती. ठरत नाय म्हनाली ती.

काळुराम : पूजा! काल सांगितलंस हिला?

पूजा : त्यांनी आधी विचारलं.

काळुराम : शांती, तिचं ऱ्हाऊ दे. मी ठरवलं म्हनतोय ना. माजा देव, मी हरवला.

शांती : दोन-दोन हात मारत होतास ना रे शेंदराचे?

काळुराम : तू बी मारलेस.

शांती : पालखीत तुजा फुगलेला देव बगून मारले. मला काय हौस होती? हात सोलवटायचा माजा.

काळुराम : गुडगा कसा हाय?

शांती : हाय. चालते.

काळुराम : मग येऊ काय?

शांती : ये. आन दर साली राखीच्या दुसऱ्या दिशी पहाटे चिंबोऱ्यांची पिशवी उंबऱ्याभाईर ठेवून पलतोस, तसं नको करू. आत आनून दे.