दाढ कुठं पळून जात नाही

माझी दाढ ठणकत होती, पण कान शाबूत होते. दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक आई आणि गाल सुजलेली तिची लेक बसली होती. हळू बोलायची दोघींनाही सवय नव्हती.

"आई, आजचं भाषण द्यायला नाही जात मी. आज दाढच काढून टाकू."

"आठवडाभर दुखतेय, तेव्हा नाही सुचलं? खरं सांग, कोणाला घाबरलीस?"

"मोठ्या सरांना. भर सभेत विचारतील, कृष्णविवराच्या इतक्या जवळून प्रकाश सुटेलच कसा?"

"मग, सुटतो का?"

"सुटतो."

"कसा ते मला सांग. मी काही सर नाही."

"विवर स्वतःभोवती गरगर फिरतं. जितकं जोरात फिरेल, तितक्या त्याच्या काठाजवळ तापून चमकणारा वायू घिरट्या घालू शकतो."

"आणि आत पडत नाही?"

"वेग असतो ना अंगात! त्या वेगानं त्याचा बहुतेक प्रकाश पुढच्या दिशेला फेकला जातो, आणि पुढे गेलेला बराचसा निसटतो. मागे सुटलेला विवर गिळतं."

"किती निसटतो?"

"अगदी काठावरूनसुद्धा निम्म्याहून जास्त."

"गणित कोणी केलं?"

"मीच. पुन्हा पुन्हा तपासलंय."

"सुजल्या गालानं एका दमात सांगितलंस की! माझ्यासमोर तोंड चालतं, मग त्यांच्यासमोर काय कुलूप लागतं?"

तेवढ्यात आतून लेकीला हाक आली. उठली ती आई, आणि माझ्याकडे वळली.

"आजी, आमच्या नंबरावर तुम्ही जा. माझ्या लेकीला भाषण द्यायचंय. दाढ कुठं पळून जात नाही."