अर्ज कवा करावा

(शिरूर, १९७४. कोर्टासमोर एका वकिलाच्या ऑफिसचा ओटा. सकाळचे दहा. वकिलांचे जुने कारकून कोंडिबा आणि कायद्याचा विद्यार्थी साहेबराव.)

साहेबराव : म्हणजे आज नोकरीचा अर्ज देऊ नको म्हणता?

कोंडिबा : आज न्हाई. काल साहेब एक दावा हरलेत.

साहेबराव : मागच्या आठवड्यात जिंकले होते. तेव्हाही नको म्हणालात.

कोंडिबा : जिंकल्यावर त्यांना वाटतं, सगळं आपण एकट्यानंच केलं. तवा दुसरा कारकून कशाला ठेवतील?

साहेबराव : मग उन्हाळ्याच्या सुट्टीत देऊ?

कोंडिबा : सुट्टीत कोर्ट बंद. कामच न्हाई तर कारकून कशाला?

साहेबराव : आप्पा, माझं दुसरं वर्ष चाललंय. निकाल लागल्यावर येऊ का?

कोंडिबा : पास झालास तर तू निम्मा वकील. निम्म्या वकिलाला चहा आणायला कोण सांगंल? आन् नापास झालास तर नापास पोरगं कोण ठेवील?

साहेबराव : म्हणजे निकालाआधी येऊ नये, आणि नंतरही येऊ नये.

कोंडिबा : आता तुला कायदा कळायला लागला.

साहेबराव : चेष्टा नको, आप्पा. या महिन्यात काम मिळालं नाही तर वडील कॉलेज सोडायला लावणार. दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून चिकटवायचं ठरलंय.

कोंडिबा : रेल्वे वाईट न्हाई. पेन्शन असतं. आन् तुझं नाव साहेबराव. आमचे साहेब आतून म्हणणार, 'साहेबराव, पाणी आणा,' आन् पक्षकार उठून तुलाच नमस्कार घालणार.

साखरबाई : (ओट्यापाशी येत) रामराम आप्पा.

कोंडिबा : कोण, अनसाबाई का?

साखरबाई : मी साखरबाई, कवठ्याची. बांधाचा दावा. बाजाराला आले व्हते, म्हनलं इचारून जावं. तुमी सांगितलेली सोळा तारीख पक्की ना? साक्षीला आमचा दीर हाय, सर्जेराव. त्याला लई आधी सांगितलं तर इसरतो, आन् ऐनवेळी सांगितलं तर रुसतो.

कोंडिबा : सोळा. पक्की.

साखरबाई : डायरीत बघा की एकदा.

कोंडिबा : तोंडपाठ हाय.

साखरबाई : ए पोरा, शिकल्यावानी दिसतोस. तू बघ बरं.

कोंडिबा : डायरीला हात लावू नको.

साहेबराव : आप्पा, इथं तेरा लिहिलंय.

साखरबाई : आन् आज काय हाय?

साहेबराव : तेराच.

साखरबाई : आप्पा, अक्षर तुमचंच ना?

कोंडिबा : माझंच. लिवायची हाताला सवय हाय. वाचायला डोळे लागतात. चार वर्सं झाली, बारीक दिसत न्हाई. सकाळी घरी बायको, म्हाळसा, डायरी वाचून दाखवायची. चौथी शिकलेली व्हती. तिनं वाचायचं, मी पाठ करून यायचं. श्रावणात गेली ती. तवापासून अंदाजानं चाललंय.

साखरबाई : म्हंजी माझा दावा म्हाळसावैनीच चालवीत व्हत्या.

कोंडिबा : व्हय. आन् एकदाबी चुकली न्हाई.

साहेबराव : मावशी, डायरीत पुकारा अकराला लिहिलाय. दीर कुठं आहेत?

साखरबाई : बाजारात. कांद्याच्या ढिगाला टेकून निजला असंल. हाक मारून उठायचा न्हाई. तू एक कांदा उचल, लगेच उठंल.

साहेबराव : मी घेऊन येतो. आप्पा, तुम्ही फाईल काढून ठेवा.

कोंडिबा : थांब. साहेब आत दाढी करतायत. ही चूक त्यांना सांगितलीस, तर माझी जागा आजच तुझी व्हईल.

साहेबराव : तुमची जागा घेऊन काय करू? पुकारा झाल्यावर कुठल्या दारानं आत जायचं, तेसुद्धा मला ठाऊक नाही.

साखरबाई : आरं, जा की. तोवर माझा बांध जाईल.

कोंडिबा : जायच्या आधी तो अर्ज हितं ठेव.

साहेबराव : काल हरलेत ना साहेब?

कोंडिबा : हरू दे. दाढी झाली की मीच देतो.

साहेबराव : दुसरा कारकून कशाला, असं विचारतील.

कोंडिबा : विचारू दे. पहिल्याला दिसत न्हाई म्हणून, असं सांगतो.