डबीतली बोंडअळी

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही मलकापूरच्या एसटीत बसला आहात. पुढच्या सीटवर सिस्टरांच्या शाळेतली प्राची आजीशी भांडते आहे. मागे मी, तिची परिसर अभ्यासाची टीचर, पेपराआड लपले आहे.

“डबीत काय हाय वं?”

“अळी. आपल्या कपाशीतली.”

“बोंडअळी? चिरड तिले! अख्खं वावर खाईन ते.”

“नाही आजी. टीचर म्हणते, सगळे जीव देवानं बनवले. मारू नका.”

“तुह्या टीचरची कपाशी हाय काय?”

“नाही. गुलाब हायेत.”

“मंग तिले काय जाते सांगाले? सोड म्हणा तिच्याच गुलाबावर!”

माझ्या हातून पेपर सरकला. प्राची वळली, “नमस्ते टीचर” म्हणाली आणि डबी अलगद माझ्या मांडीवर ठेवली.