बारा हजारांचं भजन

...नाही, पण मी म्हणतो, गल्लीवर हे बारा हजारांचं लचांड आलं ते काय एकट्या गुणाजींमुळे? जो उठतो तो त्यांच्या नावानं खडे फोडतो! नळावर बायका, नाक्यावर पानवाला, आणि परवा तर न्हाव्यानं हद्द केली... गालाला साबण फासून ठेवला आणि विचारतो कसा, "बुवा, वस्तरा एकदाच फिरवू की दोनदा?" आता गळ्याशी वस्तरा असताना माणूस काय बोलणार? अहो, जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही त्या माणसानं. पाणी मागितलं फक्त. तेही स्वतःसाठी नाही, बायकोसाठी! आता यात गुणाजींचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

थांबा, मुळापासून सांगतो. गुणाजी तळवडेकर म्हणजे लालबागला आमच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, जिन्यालगतची खोली. मूळ मालवणकडचे. मिलच्या टाइम ऑफिसात कारकून, नाइट स्कूलचे मॅट्रिक, आणि शनिवारी भजनाचे बुवा. माणूस देवमाणूस. खोड एकच... छापील कागदावर श्रद्धा! भजी बांधून आणली तर आधी कागद वाचणार, मग भजी खाणार. तोवर भजी गार, कागद तेलकट, आणि जाईबाई गरम! जाईबाई म्हणजे त्यांचं कुटुंब. बाई बोलायला फटकळ, पण उभा जन्म पाणी भरण्यात गेला हो तिचा.

कारण काय, तर पाणी खाली अंगणात. म्हणजे वर नळ नाही असं नाही! दुसऱ्या माळ्यावर नळ आहे की! घरमालकानं बसवलाय, पितळेची तोटी आहे, दसऱ्याला तिला झेंडूचं फूलसुद्धा लावतात. फक्त त्यातून पाणी येत नाही. वारं येतं. सकाळी तोटी सोडली की शिट्टी वाजते, आणि शेजारची नलू समजते मिलचा भोंगा झाला! घरमालक म्हणाला, "गल्लीतला पाइप आहे बारीक, पाणी वर चढणार कसं? म्युन्शिपाल्टी मोठा पाइप टाकेल तेव्हा चढेल." झालं. म्हणजे ती टाकेपर्यंत जाईबाईंनी चढायचं.

आणि एके दिवशी गुणाजी कामावर निघाले, तर जिन्याच्या वळणावर जाईबाई बसलेल्या. भरला हंडा मांडीशी धरलाय, दुसरा हात कमरेवर. "काय झालं गं?" तर म्हणते, "काय नाय, वाईच दम खातंय. तुमी जावा, उशीर होतलो." तुम्हाला सांगतो, त्या माणसाला गलबलून आलं. लग्न होऊन आली तेव्हा दोन हंडे एकावर एक घेऊन तरातरा चढायची ही बाई! त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, हिच्यासाठी पाणी वर आणायचंच. आता तुम्ही आम्ही असतो तर काय केलं असतं? हंडा उचलला असता. गुणाजींनी पुस्तक उचललं!

पुस्तक कसलं? तर म्युन्शिपाल्टीच्या बजेटाचं! दादरच्या एका वाचनालयातून आणलं. एवढं जाड, इंग्रजी, आत नुसते आकडे. एकीकडे उत्पन्न, म्हणजे आपण भरतो ती घरपट्टी वगैरे. दुसरीकडे भांडवली खर्च, म्हणजे पूल, रस्ते, पाइप, जे एकदा केलं की वर्षानुवर्षं राहतं ते. गुणाजी गॅलरीत बसून वाचताहेत, वाचताहेत, आणि एकदम ओरडले. बायकांना वाटलं विंचू चावला! "अगं, सापडलं! आपल्या गल्लीची घरपट्टी वर्षाला बारा हजार. आणि भांडवली खर्च बघ... आडवी रेघ! आणि तिकडे बंगलेवाल्यांच्या वस्तीत कारंजं! कारंजं, जाईबाई! पाणी वर उडवून खाली टाकायला पैसे आहेत!" जाईबाई म्हणाल्या, "त्या पुस्तकात पाणी असा काय? असला तर काढा नि माजा पिंप भरा." "अगं, छापलंय! छापील कधी खोटं असतं का?"

हे वाक्य ध्यानात ठेवा हं. पुढे जड जाणार आहे.

दिवस कुठले? तर संयुक्त महाराष्ट्राचे! गल्लोगल्ली सभा, भिंतीभिंतीवर घोषणा, पोरंसोरंसुद्धा गोट्या खेळताना "झालाच पाहिजे!" म्हणायची. गुणाजींना वाटलं, हीच वेळ आहे. आमच्या नाक्यावरच्या सभेत त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली, पुस्तक उघडलं आणि सुरू केलं, "बंधूंनो, पृष्ठ एकशे चौदा पाहा..." आता लोकांकडे कुठलं पृष्ठ एकशे चौदा? पुढची रांग जांभया द्यायला लागली, मागची चहाला गेली. शेवटी एक म्हातारा तेवढा बसून राहिला, तो झोपला होता.

तेव्हा आनंदानं डोकं चालवलं. आनंदा म्हणजे समोरच्या चाळीतला, भजनात पखवाज वाजवतो. म्हणाला, "बुवा, आकडे कोण ऐकता? चालीत बसवा, मग बघा!" आणि गुणाजींनी बसवलं! अहो, काय बसवलं!

बारा हजार गल्लीनं भरले, देवा,
नळामध्ये वारेच उरले, देवा!

समोरचा भिवा तेवढा म्हणाला, "गुणाजी, भजन करून पाणी मिळत असतं तर आमच्या लोकांना तळ्यावर सत्याग्रह करावा लागला असता का? मोर्चा काढ." त्याचं ऐकायला हवं होतं... पण भजन असं रंगलं की काय सांगू! आमच्या भजनाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बुवा पेटीवर एक ओळ म्हणतो, मागून कोरस तीच ओळ उचलतो. बुवा आमच्या चाळीचे, कोरस समोरच्या चाळीचा, वर्षानुवर्षं असंच. इकडून गुणाजी, "बारा हजाऽऽर गल्लीनं भरले", की तिकडून झांजा आपटत तीस गळे, "बारा हजाऽऽर गल्लीनं भरले!" आता भजनात कोरस उचलणार नाही तर काय करणार, पावती देणार? यात गुणाजींचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

गाजावाजा झाला. आमचे नगरसेवक स्वतः भजनाला आले. सोबत त्यांचे चिटणीस नाना. नाना गिरगावचे, पांढरं धोतर, कानाला टाक, आणि सवय अशी की कुणी शिंकलं तरी टिपून घ्यायचं. भजनाबिजनाचा गंध नाही. डोळे मिटून बसायचं सोडून हा माणूस लिहितोय! इकडची चाळ म्हणाली बारा हजार, लिहिले. समोरची चाळ म्हणाली बारा हजार, तेही लिहिले. खाली रेघ मारली आणि बेरीज केली!

कळतंय का तुम्हाला? बेरीज केली हो त्यानं!

आणि पुढच्या आठवड्यात नगरसेवक भर सभागृहात उभे! "अध्यक्षमहाराज! माझ्या वॉर्डातली एक गरीब कामगार गल्ली वर्षाला चोवीस हजार भरते, चोवीस हजार! आणि तिच्यावर भांडवली खर्च शून्य?" बाकं वाजली म्हणतात. पेपरात चौकट आली. गल्लीत पेढे वाटले. जाईबाईंनी पिंप घासून पालथं घातलं, आता वरच पाणी येणार म्हणून. गुणाजी पेढा खाता खाता थबकले, "चोवीस? चोवीस कुठून आले?" पण आनंदा म्हणाला, "बुवा, जास्तच सांगितलान ना? बरा झाला! जाडा पाइप येतलो!"

पाइप नाही आला. नोटीस आली.

कारण सभागृहात एक हिशेबाचे साहेब बसले होते. त्यांनी तेच पुस्तक उघडलं, तेच पृष्ठ, आणि शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे जमा बारा हजार. गल्ली स्वतःच्या तोंडानं चोवीस सांगते. म्हणजे उरलेले बारा वसूल व्हायचे राहिले. नगरसेवकांनी ही गळती उघडकीस आणली, त्यांचे आभार." ठराव! आधी थकबाकी वसूल, मग भांडवली खर्च! नोटीस घरमालकाला, घरमालकानं ती गुणाजींच्या दाराला चिकटवली. डिंकानं!

गुणाजी रजा टाकून वसुली खात्यात गेले. तिथे हेडक्लार्क, चष्म्याच्या वरून बघणारा. "साहेब, चूक झाली. बाराच आहेत. तुमच्याच पुस्तकात छापलंय." तो म्हणाला, "बरोबर, पुस्तकात बारा. आणि सभेच्या वृत्तांतात चोवीस. तेही छापील. आता छापील खोटं कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा." बघा! स्वतःचंच वाक्य, दुसऱ्याच्या तोंडून! गुणाजी परत फिरायलाच निघाले. पण जिन्यावर बसलेली जाईबाई डोळ्यांपुढे आली आणि ते म्हणाले, "साहेब, ती भजनाची रीत आहे. बुवा एकदा म्हणतो, कोरस तेच पुन्हा म्हणतो. पैसे एकदाच!" "मला समजलं नाही." "म्हणून दाखवतो."

आणि म्हणाले हो! सरकारी टेबलावर ठेका धरून, डोळे मिटून, अगदी पोटातून... "बारा हजाऽऽर गल्लीनं भरले, देवा..."

आता दैव बघा. दाराशी स्टुलावर पट्टेवाला बसलेला. तो निघाला कणकवलीचा! आयुष्यभर गावच्या भजनात कोरस धरलेला माणूस, ओळ कानावर पडल्यावर राहवेल का त्याला? तिथून त्यानं खणखणीत उचलली... "बारा हजाऽऽर गल्लीनं भरले, देवा!"

हेडक्लार्कनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "झाले की चोवीस! माझ्यासमक्ष!"

आता... आता यात गुणाजींचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

पुढे काय सांगू? अर्ज झाले, खेटे झाले. घरमालकानं भाड्यावर थकबाकीचा हप्ता चढवला. समोरच्या चाळीनं कोरसला माणसं द्यायचं बंद केलं. चळवळीतले लोक म्हणाले, "गुणाजी, धीर धरा, आधी मुंबई मिळू दे." मग मुंबई मिळाली! काय रोषणाई, काय गुलाल! गुणाजीही नाचले, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पाणी तेवढंच. नळातून वारंच. त्या वर्षीचं बजेट निघालं तेव्हा ते दादरला जाऊन बघून आले. गल्लीचं नाव होतं. भांडवली खर्चात आडवी रेघ. उत्पन्नात, "येणे बाकी".

घरी आले, पुस्तकाचं काही बोलले नाहीत. बनियन आणि लेंग्यावर खाली उतरले, रांगेत उभे राहिले आणि हंडा स्वतः वर घेऊन निघाले. धापा टाकत वळणावर बसले तर जाईबाई शेजारी येऊन बसल्या. पदरानं त्यांच्या मानेवरचा घाम टिपला आणि म्हणाल्या, "ह्या पयल्याच दिवशी केला असतात तर?" मग त्याच हसल्या. "आता काय ता म्हणा, पण एकदाच म्हणा."

तेव्हापासून रोज सकाळी गुणाजी पाणी भरतात. भजन बंद, पेटी पोटमाळ्यावर. माणूस धसकलाय हो पुरता! काल जिन्यात भेटले, दोन्ही हातांत बादल्या. मी म्हटलं, "राम राम, बुवा!" तर इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुणी लिहून तर घेत नाही ना याची खात्री केली... आणि हळूच म्हणाले,

"राम."