एकाच घरातली चिठ्ठी

परंड्याच्या स्टँडवर माझ्या शेजारी म्हाळसाबाई आणि त्यांची सून दैवशाला बसल्या होत्या. दैवशाला त्यांच्या सख्ख्या भावाची लेक. तिच्या मांडीवर सात वर्षांची अक्षदा झोपली होती.

"आत्या, डॉक्टर म्हणले, हिच्या थॅलेसेमियावर नवा उपचार आलाय. हिच्याच हाडातल्या पेशी काढायच्या, त्यात चांगलं जनुक घालायचं अन् परत हिलाच द्यायच्या."

"जनुक म्हंजी?"

"रक्त कसं बनवायचं ते लिहिलेली चिठ्ठी. हिला दोन मिळाल्या, आईची अन् बापाची. दोन्ही बिघडलेल्या."

"दोन्ही कशा बिघडल्या?"

"तुमच्याकडनं तुमच्या लेकाला आली, तुमच्या भावाकडनं मला. घर एकच."

"उपचार झाल्यावर दर महिन्याला रक्त चढवायचं बंद?"

"लागू पडला तर बंद."

"मंग बरी होऊन मोठी झाली की सुरजला देऊ. तुझ्याच भावाचं पोरगं, जीव लावील."

"उपचारानं हिचं रक्त सुधरंल, आत्या. हिच्या लेकरांना जुनीच चिठ्ठी जाणार. सुरजकडंबी तीच असली तर?"

"म्या तुझ्या बापाला शब्द दिलाय."

"कधी?"

"ही पाळण्यात असताना. तुझ्या टायमाला दिला तसाच."

दैवशालानं अक्षदाच्या हातावरची सुईची खूण पदरानं झाकली.

"फोन लाव तुझ्या बापाला."

"काय सांगू?"

"तू नगं सांगू. शब्द माझा, माघारी मीच घेते. लाव अन् मला दे."